दांतांतील कीड : एका समजुतीचा इतिहास

‘दांतास कीड लागली’ हे शब्द आपल्या घरांत इतके सहज उच्चारले जातात कीं त्यांच्या शब्दशः अर्थाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. लांकडास कीड लागते, धान्यास लागते, वांग्यास लागते. त्या प्रत्येक ठिकाणीं शोधणाऱ्यास ती सांपडते. किडका दांत फोडून पाहिला तर मात्र त्यांत कोणताही किडा दिसत नाहीं. असें असूनही दांत पोखरणारा एक किडा असतो, ही समजूत सुमारें साडेतीन हजार वर्षें मनुष्यजातीच्या मनांत घर करून राहिली, आणि तिचें नांव तर आपल्या जिभेवरून अजून उतरलेलें नाहीं. ती समजूत कशी टिकली, कशी मोडली आणि तिच्या जागीं काय आलें, हें पाहणें केवळ मौजेचें नाहीं. दांतांच्या दुखण्याचा दोष कोणाकडे, हा प्रश्न त्या कथेंत गुंतलेला आहे. आणि ज्याच्या घरांत लहान मुलें आहेत अशा प्रत्येक गृहस्थास त्याच्या उत्तराशीं कर्तव्य आहे.

दांतांवरील उपचार लेखनकलेहून जुने आहेत. बलुचिस्तानांतील मेहेरगढ येथें सांपडलेल्या प्राचीन सांगाड्यांचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढांना गारगोटीच्या टोंकानें पाडलेलीं भोकें आढळलीं. हे लोक साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीं तेथें राहत होते. भोकांच्या कडा चर्वणानें गुळगुळीत झालेल्या आहेत. म्हणजे माणूस जिवंत असतांनाच त्याची दाढ कोरली गेली आणि पुढें तो त्याच दाढेनें जेवला. या अकरांपैकीं निदान चार दाढांवर किडीचीं चिन्हें आहेत. मणी कोरणाऱ्या कारागिरांच्या त्या गांवांत तेंच कसब दांतांकडे वळलें असावें.

किड्याच्या कथेचा लेखी पुरावा मात्र बाबिलोनच्या मातीच्या विटांवर मिळतो. तेथील एक मंत्र आकाशापासून चिखलापर्यंत एकेकाची उत्पत्ति सांगत शेवटीं किड्यापाशीं येतो. हा किडा रडत रडत देवांपुढें जातो आणि खाण्यास मागतो. देव त्यास पिकलेलीं फळें देऊं करतात. पण त्यास फळें नकोत, दांत आणि हिरडी यांच्या मध्यें बिऱ्हाड हवें असतें. या उद्धटपणाबद्दल त्यास शाप देऊन वैद्यानें मद्य व तेल यांचें मिश्रण दुखऱ्या दांतास लावावें, असा तो विधि. कथा मोठी मजेदार आहे, पण तिच्यांतील गृहीत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दांतदुखी हें बाहेरून आलेल्या शत्रूचें काम; माणूस निर्दोष. एवढेंच नव्हे, तर फळांसारखा उत्तम आहार किड्यानें नाकारला, म्हणून आहाराचा या दुखण्याशीं संबंधच उरला नाहीं!

आपल्या देशांतही हा किडा होताच. सुश्रुतानें दांतांचे जे आठ रोग सांगितले आहेत त्यांत ‘कृमिदंतक’ हा एक. त्याचें वर्णन मात्र इतकें नेमकें आहे कीं आजचा दंतवैद्यही तें मान्य करील: दांत काळा पडतो, त्यास भोंक पडतें, तो हलतो, त्यांतून स्राव होतो, आणि कारणावांचून कळ येते. उपचारांत शेक, लेप, गुळण्या हे सर्व आहेत. आणि दांत हलूंच लागला तर तो उपटून ती जागा डागावी असें सांगितलें आहे. वाग्भट दांताची पोकळी गुळानें किंवा मेणानें भरून डागण्यास सांगतो. ज्या पदार्थावर दांतांचा खरा शत्रु पोसतो तोच येथें औषधाच्या कामीं यावा, हा इतिहासाचा विनोद होय.

तथापि आपल्या प्राचीनांची थोरवी उपचारांपेक्षां दिनचर्येंत आहे. बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, ताज्या झाडाची काडी घेऊन तिच्या चावून मऊ केलेल्या टोंकानें एकेक दांत हिरड्यांस इजा न करतां घासावा, आणि त्यासाठीं कडूंत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह व तिखटांत करंज श्रेष्ठ मानावा, असें सुश्रुत सांगतो. कारण चुकलें असेल, पण आचार बरोबर होता. पुढें काडीची जागा राखुंडीनें, मिठानें आणि कोळशाच्या पुडीनें घेतली, व महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं भाजलेल्या तंबाखूच्या मशेरीनें घेतली. तिनें दांत स्वच्छ होतात ही समजूत अजूनही गेलेली नाहीं. ती तोंडाच्या कर्करोगास निमंत्रण देते, हें आतां निर्विवाद ठरलें आहे.

किडा कोणीं पाहिला नव्हता, तर समजूत इतकीं शतकें टिकली कशी? याचें उत्तर असें कीं लोकांनीं तो आपल्या डोळ्यांनीं ‘पाहिला’ होता. ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें असेल त्यांना भुईरिंगणीच्या बियांची धुरी आठवत असेल. निखाऱ्यावर बिया टाकून तो धूर दुखऱ्या दाढेस दिला म्हणजे किडे गळून पडतात, असें म्हणत. युरोपांत हाच प्रयोग खुरासानी ओव्याच्या बियांनीं करीत. बी तापली कीं तिचें टरफल फुटून आंतील वांकडा, पांढरा अंकुर बाहेर येतो. तो राखेंत किंवा पाण्याच्या वाटींत पडला म्हणजे हुबेहूब अळीसारखा दिसतो. फिरते वैदू तोच रोग्यास दाखवीत. शिवाय खुरासानी ओव्याच्या धुरांत गुंगी आणणारें द्रव्य असल्यामुळें कळही थोडी मंदावे. दृष्टीस पुरावा आणि दुखण्यास उतार, दोन्ही एकदम मिळाल्यावर कोण शंका घेणार?

शंका घेणारे आले ते सूक्ष्मदर्शक यंत्राबरोबर. हॉलंडांतील लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्यानें स्वतःच्या दांतांवरील पांढरें किटण भिंगाखालीं धरलें आणि त्यांत वळवळणारे अतिसूक्ष्म जीव पाहून १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस तसें कळविलें. पण हे जीव आणि दांतदुखी यांचा संबंध त्याच्या ध्यानांत आला नाहीं. पुढें १७२८ सालीं पॅरिसच्या प्येर फोशार यानें दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. दांतांतील किडे आपण शोधले, परंतु आपणांस ते दिसले नाहींत, असें त्यानें स्पष्ट सांगितलें, आणि साखरेच्या अतिसेवनाकडे बोट दाखविलें. अर्वाचीन दंतवैद्यकाचा जनक म्हणून त्याचें नांव घेतात तें यथार्थ आहे.

शेवटचा घाव घातला तो विलोबी मिलर यानें. हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिन येथें जंतुशास्त्राचा अभ्यास करीत होता. काढलेले दांत त्यानें लाळेंत ठेवले; कांहींबरोबर पाव किंवा साखर घातली, कांहींबरोबर मांस व चरबी. पाव आणि साखर असलेल्या लाळेंत अम्ल तयार होऊन दांत मऊ पडले. नुसत्या मांसांत व चरबींत तसें झालें नाहीं. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पीठ यांपासून अम्ल बनवितात आणि तें अम्ल दांताचें कवच विरघळवितें, हा त्याचा सिद्धान्त १८९० च्या ग्रंथांत आला. म्हणजे जुनी कथा अगदींच खोटी नव्हती. दांतांपाशीं कोणी जीव खरोखरच राहत होता. परंतु तो दांत खात नव्हता. आपण जें खातों तेंच तो खात होता, आणि त्यास जेवूं घालणारे आपणच होतों!

हा सिद्धान्त माणसांवर पडताळण्याचें काम स्वीडनमध्यें झालें, आणि तें वाचतांना मन विषण्ण होतें. लुंड शहराजवळील व्हिपेहोल्म येथें मतिमंद माणसांसाठीं एक संस्था होती. १९४५ पासून तेथील रहिवाशांवर आहाराचे प्रयोग झाले. कांहींना दोन जेवणांच्या मध्यें मुद्दाम चिकट टॉफी देण्यांत आली. त्यांचे दांत झपाट्यानें किडले. ज्यांचे दांत गेले त्यांची संमति कोणी घेतली नव्हती, आणि ती देण्याइतकी त्यांची समजही नव्हती. १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं साखर किती खाल्ली यापेक्षां ती कितीदां खाल्ली आणि किती वेळ दांतांस चिकटून राहिली, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबरची साखर त्या मानानें कमी घातक. दिवसभर अधूनमधून चघळलेली मात्र सर्वनाशी. ज्या दुर्दैवी जीवांकडून हें ज्ञान आपणांस मिळालें, त्याचें ऋण तें ज्ञान आचरणांत आणूनच फेडतां येईल.

दुसरें ज्ञान पाण्यांतून आलें. अमेरिकेंतील कोलोराडो प्रांतीं पुष्कळांच्या दांतांवर तपकिरी डाग असत, पण ते दांत सहसा किडत नसत. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यानें १९०१ पासून या कोड्याचा पिच्छा पुरविला. १९३१ सालीं त्याचें कारण पाण्यांतील फ्लोराइड असल्याचें उघड झालें. एक लिटर पाण्यांत सुमारें एक मिलिग्रॅम फ्लोराइड असल्यास डाग फारसे न पडतां दांतांस बळकटी येते, असें ठरल्यावर १९४५ च्या जानेवारींत ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यांत तें प्रथम मिसळण्यांत आलें. अतिरेक मात्र येथेंही वाईटच. आपल्या देशांत नेल्लोर भागांत जास्त फ्लोराइडच्या पाण्यानें हाडें ताठरतात हें १९३७ मध्येंच नोंदलें गेलें. आणि चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कित्येक गांवांस हा त्रास परिचयाचा आहे.

जोंवर किड्यावर विश्वास होता, तोंवर उपाय दोनच: किड्यास मारणें, नाहीं तर त्याचें घर उपटणें. उपटण्याच्या वेदनेनेंच भूल देण्याच्या विद्येस चालना दिली. हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्यानें डिसेंबर १८४४ मध्यें स्वतःची दाढ हास्यवायूच्या अमलाखालीं काढवून घेतली. पुढें बोस्टनमधील जाहीर प्रयोगांत रोगी ओरडला आणि वेल्सच्या पदरीं उपहास आला. १८४८ सालीं त्यानें आत्मघात केला. भारतांत या शास्त्राचें रीतसर शिक्षण डॉ. आर. अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास सुरू केलें, आणि १९४८ च्या कायद्यानें या धंद्यास नियमांची चौकट मिळाली. आज दांत उपटणें हा पहिला उपाय न राहतां शेवटचा झाला आहे. भोंक उथळ असतांना तें कोरून भरतां येतें. कीड आंतील मज्जेपर्यंत पोंचली तर मज्जा काढून, मुळें स्वच्छ करून व भरून दांत राखतां येतो. जितका उशीर, तितकी वेदना आणि खर्च अधिक.

आणि उशीर बहुधा घरांतच होतो. ‘दुधाचे दांत, पडणारच आहेत’ असें म्हणून आपण ते किडूं देतों. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास या दांतांच्या मागें, एकही दांत न पडतां, पहिली कायमची दाढ मुकाट्यानें येते. आईबाप तिलाही दुधाची समजतात, आणि जन्मभर पुरावयाची दाढ बालपणींच गमावतात. फ्लोराइडयुक्त पेस्टनें दोन वेळां, त्यांत रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां, दांत घासावे. तीन वर्षांच्या आंतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व पुढें वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून मुलास झोंपवूं नये. वडील मंडळींनीं हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे कानाडोळा करूं नये.

बाबिलोनच्या पुरोहितास किड्याला शाप देऊन मोकळें होतां येत होतें. आपणांस ती सोय उरलेली नाहीं. दोष किड्यावरून उठून आपल्या फराळाच्या डब्यापाशीं येऊन बसला आहे. कोणास हें गैरसोयीचें वाटेल, परंतु आम्हांस यांत मोठा दिलासा दिसतो. शत्रु बाहेरचा असता तर त्याची वाट पाहत बसावें लागलें असतें. तो आपल्याच हातचें खातो, म्हणूनच त्यास उपाशी ठेवणेंही आपल्याच हातीं आहे.