चिलटे, आढी आणि ताडी

माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी घातली जाई त्या काळी ठाण्या-कल्याणच्या घरांत चिलटे नव्हती असे मुळीच नाही. ती उदंड होती, परंतु डागी आंबा रोज हाताने चाचपून निवडण्याचे काम घरातल्या एखाद्या आजीकडे असल्यामुळे आणि सालींचा निकाल गोठ्यातील गाय तत्काळ लावीत असल्यामुळे, त्यांचा संसार स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोहोचे.

तथापि या कीटकाचे खरे इंगित आजीहूनही अधिक ठाऊक होते ते ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला. वसई-पालघरही ज्यात मोडत असे त्या जुन्या ठाणे जिल्ह्यात ताड, माड व शिंदी ही जशी रयतेच्या तशीच सरकारी तिजोरीच्याही उत्पन्नाची बाब होती. १८७८च्या अबकारी कायद्याने झाड छेदण्यास परवाना लागू लागला, आणि १८९२मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांवरही सरकारची करडी नजर वळली. ते इंगित असे: झाडाच्या छेदाखाली बांधलेल्या मडक्याच्या आतून चुना फासला तर रस न आंबता नीराच राहतो. चुना नसेल तर काही घटकांतच तो फसफसतो, आणि तोंडाशी तांबड्या डोळ्यांच्या त्या बारीक माशीची झुंबड उडते. तिला ओढ गोडीची नव्हे, आंबण्याची! (हिच्याच जातीच्या एका पांढऱ्या डोळ्यांच्या नराने १९१०मध्ये जीवशास्त्रज्ञ मॉर्गनसाहेबांना आनुवंशिकतेचा मार्ग दाखविला, हे मडके उतरविणाऱ्याच्या गावीही नसावे.)

१९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मडक्यांचा तो उघड व्यवहार आटोपला, आणि १८५४मध्ये कल्याणास पोहोचलेल्या आगगाडीने पुढे ज्या चाळी व इमारती वसविल्या, त्यांत गोठा, परस आणि माळा यांना जागाच उरली नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आंब्याची पेटी पलंगाखाली आणि ओल्या कचऱ्याची बादली ओट्याखाली आली. चिलटांचा उपद्रव म्हणून जो म्हणतात, तो माझ्या मते या स्थलांतराचा परिणाम होय.

पेल्यात शिरका, त्यात साबणाचे दोन थेंब, वर कागदाचे नरसाळे, हा आजचा सापळा म्हणजे त्या मडक्याचीच नक्कल आहे: आंबट वासाने माशी आत शिरते, आणि साबणाने पृष्ठताण मोडल्यामुळे शिरक्यावर तरून न राहता बुडते. मात्र अंड्यापासून माशी होण्यास उन्हाळ्यात जेमतेम दहा दिवस पुरत असल्याने, ओट्याखालची ती बादली रोज रिकामी करून धुतल्यावाचून नुसत्या पेल्याने काम भागत नाही, आणि मोरीच्या जाळीत अडकलेल्या सालीही काढाव्या लागतात.