शिशाची पट्टी

‘वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही’ असं आपल्याकडे म्हणतात. पाणी उतारानं खालीच जाणार, ही त्या म्हणीमागची खात्री. पण छप्पर जिथे विटेच्या भिंतीला टेकतं, तिथे ही खात्री पुरत नाही. पाणी विटेत मुरतं, केसाएवढ्या फटीत वरही ओढलं जातं आणि आतल्या लाकडापर्यंत पोचतं. अठराव्या शतकातल्या लंडनला हे फार जवळून बघावं लागलं. गंमत म्हणजे, त्या शहराचं भांडण पाण्याशी नव्हतंच. ते आगीशी होतं.

२ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग निघाली आणि सुमारे १३,२०० घरं, ८७ चर्चेस गिळून चार दिवसांनी थांबली. पुढच्याच वर्षी कायदा आला : नवी घरं विटांची किंवा दगडांची हवीत. भिंती विटांच्या झाल्या, पण छपराची कड रस्त्यावर पुढे येतच राहिली आणि तिच्याखालची नक्षीदार पट्टी लाकडाचीच राहिली. खिडकीतून निघालेली ज्वाळा तिथे पोचली, की वासे पेटायला वेळ लागत नसे. म्हणून १७०७च्या कायद्यानं लाकडी वळचणच बंद केली. दर्शनी भिंत माळ्याच्या जमिनीपासून अडीच फूट वर न्यायची आणि छप्पर तिच्यामागे ठेवायचं. १७०९मध्ये खिडक्यांच्या चौकटीही चार इंच आत गेल्या. लंडनच्या फोटोंत दिसणारी ती सरळसोट, वळचण नसलेली घरं या कायद्यांची लेकरं आहेत.

आता पाण्याचा हिशोब बघा. पूर्वी छप्पर भिंतीवर छत्रीसारखं होतं, पागोळ्या थेट रस्त्यावर पडायच्या. आता छपराचं सगळं पाणी भिंतीच्या पाठीशी येऊ लागलं. तिथे शिशाचा पत्रा घातलेली पन्हळ करावी लागली. दोन घरांमधली भिंतही आग अडवण्यासाठी छपराच्या वर नेली जाई. धुराड्यांचे सांधे तर होतेच. आगीचा रस्ता अडवता अडवता पाण्याला नव्या वाटा मिळाल्या.

स्वस्त उपाय म्हणजे त्या कोपऱ्यात चुना थापणं. पण लाकडी सांगाडा हवेप्रमाणे फुगतो, आक्रसतो. विटेची भिंत जवळपास जागची हलत नाही. दोघांच्या ओढाताणीत चुन्याला तडा जातो. शिसं मात्र मऊ असतं. लाकडी ठोकणीनं ठोकलं, की ते हवा तो आकार घेतं. गवंडी विटांमधली दर्ज सुमारे इंचभर कोरतो, शिशाच्या पट्टीची वरची कड तिच्यात खोचतो, शिशाच्याच पाचरी ठोकतो आणि दर्ज पुन्हा भरतो. खालची कड कौलांवर मोकळी सोडतो. यालाच फ्लॅशिंग म्हणतात. छप्पर तिरकं आणि विटांचे थर आडवे, म्हणून उतारावर ही पट्टी जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी कापावी लागते. नियम एकच : वरचा थर खालच्या थरावर यायला हवा. शिशाची दीड मीटर पट्टी ४० अंशांच्या फरकानं पावणेदोन मिलिमीटर वाढते. म्हणून एकसंध लांब पत्रा न लावता छोटे तुकडे एकावर एक चढवतात. नाहीतर तो ताणून फाटतो.

शिसं महाग होतं. लंडनमधले अनेक बिल्डर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर विकण्यासाठीच घरं बांधत. कठड्यामागचा सांधा गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसत नसे. तिथे हात आखडला, तर भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं गुपचूप कुजत आणि ते कळायचं पुढच्या रहिवाशाला. शिवाय हे शिसं विषारी. ते वितळवून ओतणाऱ्या कारागिरांच्या अंगात ते भिनायचं. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. त्यावरून आलेला ‘प्लंबर’ मुळात हाच : नळाइतकंच छपरावरही काम करणारा.

आगीसाठी कायदा झाला, कारण ती सगळ्यांनी पाहिली होती. पाणी वर्षानुवर्षं मुरतं, तेव्हा कुणी आरडाओरडा करत नाही. घर टिकलं ते कायद्यामुळे आणि त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात इंचभर दर्ज नीट कोरणाऱ्या हातांमुळेही. येत्या पावसात छताला ओल दिसली, तर आधी छप्पर भिंतीला मिळतं ती जागा बघा.