हुकमाची तार आणि शक्तीची तार

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. आजची हकीकत मात्र तलवारीची नसून तारांची आहे. खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरतेस पोचण्यापूर्वी काकरापारचा बंधारा ओलांडते. तेथे जवळच अणुवीज केंद्र आहे. २००७ साली तापी हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा मुलूख सुरत जिल्ह्यातच मोडत असे.

श्रोतेहो, कोणत्याही वीजकेंद्रात दोन जातींच्या तारा असतात. एक शक्ती वाहते. तिच्या बळावर पंप फिरतात. दुसरी हुकूम वाहते. झडप उघड, पंप सुरू कर, भट्टी थांबव, असे ती सांगते. घरातील दिव्याची तार आणि दारावरील घंटेची तार यांच्यातही हाच भेद आहे. जाणता कारागीर या दोन्ही तारा एका नळीतून नेत नाही. दिव्याच्या तारेचे वेष्टण झिजले, तर तिचा २३० व्होल्टचा दाब घंटेच्या नाजूक तारेवर येतो, आणि बटण दाबणाऱ्या बोटालाच धक्का बसण्याचे भय असते.

हे शहाणपण हळूहळू नियमांत उतरले. आपल्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी दाबावरून प्रती ठरविल्या: २५० व्होल्टपर्यंत कमी, ६५० पर्यंत मध्यम, ३३ हजारांपर्यंत उच्च. अमेरिकेची विद्युत्-संहिता १८९७ साली प्रथम निघाली, आणि पुढे तिने हुकमाच्या तारांचेही वर्ग पाडले. त्यात एक मार्मिक कलम आहे. एखादी तार बिघडल्याने आगीचा किंवा जीविताचा प्रत्यक्ष धोका उद्भवत असेल, तर तिचा दाब कितीही अल्प असो, तिला शक्तीच्या तारेइतकेच कडक नियम लागू होतात. म्हणजे तारेची प्रत तिच्या दाबावरून नव्हे, तर तिच्यावर सोपविलेल्या कामावरून ठरावी.

या विचाराची किंमत जगाला आगीतून कळली. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने हवेची गळती शोधत होता. भिंतीच्या भोकातील फेसाने पेट घेतला आणि सोळाशेहून अधिक केबली होरपळल्या. त्यानंतर तेथे नियम झाला की, एकमेकींची जागा घेणाऱ्या केबलींमध्ये वीस फुटांचे अंतर तरी असावे किंवा आग अडविणारी भिंत तरी असावी.

आपल्याकडे तीच वेळ ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रावर आली. टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन व तेल पेटले आणि आग केबलींच्या मार्गाने पसरली. भट्टी तत्काळ बंद करण्यात आली. परंतु बंद भट्टीलाही थंड ठेवावे लागते. राखीव जनित्रे होती; त्यांच्या केबलीही त्याच आगीत सापडल्याने त्यांचा उपयोग होईना. नियंत्रणकक्षात धूर भरला. सुमारे सतरा तास केंद्र विजेवाचून राहिले. काही कर्मचारी हातबत्त्या घेऊन अंधारात वर चढले आणि हाताने झडपा उघडून त्यांनी बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही आणि कोणाचा जीवही गेला नाही, याचे श्रेय त्या माणसांच्या धैर्याला आहे.

काकरापारची पहिली भट्टी त्याच घडणीची. ती सप्टेंबर १९९२ मध्ये प्रथम प्रज्वलित झाली होती आणि नरोराच्या आगीनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, ६ मे १९९३ रोजी, तिचे व्यापारी वीजउत्पादन सुरू झाले. नरोराच्या अनुभवावरून अशा केंद्रांतील टर्बाइनची पाती बदलणे, केबलींचे मार्ग वेगळे करणे आणि मध्ये अग्निरोधक अडसर घालणे ही कामे करावी लागली.

विहिरीवर दोन घागरी नेल्या आणि दोन्ही एकाच दोराला बांधल्या, तर दोर तुटताच दोन्ही तळाशी जातात. राखीव म्हणून ठेवलेली तार मुख्य तारेच्याच वाटेने नेली, तर ती नावापुरतीच राखीव राहते. तारांचे वर्ग पाडून त्यांना वेगळ्या वाटा देणे हा कागदी सोपस्कार नव्हे. ज्या पहाटे सर्व दिवे जातात, त्या पहाटे भट्टीला हुकूम पोचावा, यासाठी अगोदरच केलेली ती तरतूद आहे.