पुणे नगरपालिका आणि तिचा मतदार

पुण्याच्या मंडईला ज्या महात्म्याचे नाव आहे, त्यानेच ती बांधण्याच्या खर्चाला विरोध केला होता. आमच्या गावच्या निवडणुकांची हकीकत सांगताना आम्ही आरंभ या गोष्टीपासून करतो, याचे कारण पुढे कळेलच.

जोतीराव फुले १८७६ साली नगरपालिकेत आले, ते निवडून नव्हे. त्या काळी सभासद सरकार नेमीत असे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची स्वारी १८८० साली पुण्यास यायची ठरली, तेव्हा स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची सूचना पुढे आली. बत्तीस सरकारनियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी तिला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, हे त्यांचे म्हणणे. मंडईच्या बाबतीतही त्यांचा रोख तोच. ती पुढे १८८६ साली उघडली, आणि गव्हर्नरांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्याला कोणी मत दिले नव्हते, तो सभासद मत नसलेल्यांची वकिली करीत होता!

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. मागोमाग १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांचा शिरकाव झाला. पण हे 'लोक' कोण? घरदार असणारे, ठराविक कर भरणारे, पदवीधर, वकील. कष्टकऱ्यांच्या वस्तीत मतदार शोधावा लागे. या मर्यादित याद्यांतूनही माणसे मात्र मोठी आली, हे नाकारता येत नाही. टिळक १८९५ साली निवडून आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोखले अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. एकमेकांशी हाडवैर असलेले दोन पक्ष, पण गटारे नि नळ दोघांनाही चुकले नाहीत.

खरी कसोटी लागली ती १९२० साली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे, तर मुलींनाही करायचे की पैशाअभावी तूर्त मुलांनाच, हा वाद गावात पेटला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुलांपुरतीच सक्ती म्हणणाऱ्या पक्षात टिळक होते, आणि किर्लोस्कर नाट्यगृहातील सभेत त्यांना श्रोत्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. लोकमान्यांना पुण्यात असा अनुभव यावा! आम्हांस तर वाटते, त्या दिवशी श्रोतेच मतदार झाले होते. यादीत नाव असो वा नसो.

मंडईत टिळकांचा पुतळा १९२४ साली उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी तरुण सभासद केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारावा अशी सूचना नगरपालिकेत मांडली. ती फेटाळली गेली, आणि ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने गाव ढवळून निघाले. पुतळ्यासाठी एवढा कलह कशाला, असे काही सद्गृहस्थ तेव्हाही म्हणाले असतील. पण पुतळा हे निमित्त होते. ही नगरपालिका कोणाची, हा खरा प्रश्न होता, आणि मतदारयादी जसजशी रुंदावत गेली तसतशी त्याची उत्तरे बदलत गेली. आचार्य अत्रे निवडून आल्यावर त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची 'महात्मा फुले मंडई' झाली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९५० साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. कर भरण्याची अट जाऊन प्रत्येक प्रौढाला मत आले. राखीव जागांमुळे स्त्रियाही सभागृहात आल्या. १९९० पासून त्यांच्यासाठी तीस टक्के जागा होत्या, त्या २०११ साली निम्म्या झाल्या.

मंडईची अष्टकोनी इमारत मात्र तीच आहे. बाहेर टिळकांचा पुतळा, वर फुल्यांचे नाव. आणि खाली भाजीवाल्या बायका. त्यांतल्या प्रत्येकीचे नाव आज मतदारयादीत घालता येते.