रेसिडेन्सीची निवड (भारत)

एमबीबीएस आणि त्यानंतरची वर्षभराची इंटर्नशिप संपवलेल्या डॉक्टरने एमडी, एमएस किंवा डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी विषय व रुग्णालय ठरवणे. रुग्णालयात राहूनच शिकण्याची ही पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात (स्थापना 1889) विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी रुजवली. अमेरिकेत आज मुलाखती होतात, मग उमेदवार आणि रुग्णालये दोघेही आपापला पसंतीक्रम देतात आणि 1952 पासून चालत आलेली ‘मॅच’ ही व्यवस्था त्यांची सांगड घालते. भारतात मुलाखत नाही. बहुतेक जागांसाठी नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतला क्रमांक बोलतो. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, महाराष्ट्रातल्या उरलेल्या जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. रुग्णालयाला उमेदवार पारखता येत नाही आणि मागच्या क्रमांकाच्या उमेदवाराला उरलेल्या जागांतूनच निवडावे लागते.

पहिला प्रश्न ब्रांचचा, म्हणजे विषयाचा, असतो. रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन या जागा लवकर संपतात. त्वचारोगात रात्री-अपरात्री धावावे लागणारे रुग्ण थोडे आणि खासगी व्यवसायाला वाव मोठा, हे त्यामागचे उघड गणित. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांच्या जागा मात्र रिकाम्या राहतात. 2023 मध्ये जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला होता.

ब्रांच ठरली की रुग्णालय. इथे इमारतीपेक्षा ओपीडीची गर्दी महत्त्वाची ठरते. मुंबईतील केईएम, सायन, नायर आणि जेजे, पुण्याचे ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’) यांची ओढ मुख्यतः रुग्णसंख्येमुळे आहे: जितके रुग्ण, तितके आजार पाहायला मिळतात. शल्यचिकित्सेच्या उमेदवाराला तर एवढेच विचारायचे असते की तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करायला मिळतील; हात बसतो तो करूनच. गर्दी असूनही हे साधेलच असे नाही. विभागात अतिविशेषज्ञतेचे विद्यार्थी असतील तर मोठ्या शस्त्रक्रिया त्यांच्याकडे जातात आणि एमएसचा विद्यार्थी जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. खासगी रुग्णालयातील डीएनबीत यंत्रे अद्ययावत मिळतात, पण तिथला रुग्ण सहसा विशिष्ट सर्जनचे नाव ऐकून आलेला असतो. त्याच्यावर शिकाऊ हात कोण चालवू देणार?

त्याखालोखाल कामाचा जाच. 1992 च्या केंद्रीय निर्देशांनुसार निवासी डॉक्टरला सलग 12 तासांहून अधिक काम साधारणपणे देऊ नये. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला (जेआर) 36 तासांची ड्युटी नवी नाही, आणि निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना कामाचे तास, विद्यावेतन व वसतिगृहासाठी वारंवार संपावर गेली आहे. वरिष्ठांकडून अपमान होणारी ‘टॉक्सिक’ युनिटे तोंडोतोंडी ठाऊक असतात. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. तेव्हापासून रात्रपाळीतील विश्रांतीची खोली, तिची कडी आणि सुरक्षारक्षक यांचीही चौकशी होऊ लागली. ती आधीच व्हायला हवी होती.

पैशाचा विचार वेगळा. खासगी महाविद्यालयाचे शुल्क अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. सरकारी जागा घेतली तर महाराष्ट्रात शिक्षणानंतर एक वर्षाचा सेवाबंध येतो आणि तो मोडल्यास दंड. दुसऱ्या राज्यात जाणारा तिथल्या बंधाची मुदत आधी पाहतो. घरचे अंतर, आईवडिलांचे वय, भाषा हेही हिशेबात येतात. डॉक्टर जोडप्यांची अडचण जास्त, कारण अमेरिकेतल्यासारखी जोडीने पसंती देण्याची सोय इथे नाही. दोघांना दोन शहरांत तीन वर्षे काढावी लागू शकतात.

जागावाटपाच्या संकेतस्थळावर जागा आणि आरक्षण दिसते. गेल्या वर्षी त्या विभागातल्या एका निवासी डॉक्टरने किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या, हे दिसत नाही. ते विचारायला तिथल्या सीनियरलाच फोन करावा लागतो.