जुन्या कस्टम हाऊसमधले मतदान यंत्र

१/ मुंबईच्या फोर्टमधील जुन्या कस्टम हाऊसमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आहे. तेथील एक मतदान यंत्र चोरीस गेले, असा आरोप २०१० साली झाला. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र चोरीहून मोठा होता: यंत्र उकलून अभ्यासण्याचा अधिकार कोणाला?

२/ तयार वस्तूवरून तिची रचना उलट दिशेने शोधणे म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग. आपली मतदान यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या बनवतात. त्यांचा सोर्स कोड जनतेसाठी खुला नाही.

३/ सप्टेंबर २००९ मध्ये हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद आयोगासमोर यंत्रातील दोष दाखवण्यास गेले. प्रात्यक्षिक अर्ध्यावर थांबले. यंत्र उघडल्यास ईसीआयएलच्या बौद्धिक संपदेचा भंग होईल, असे कारण मिळाल्याचे त्यांच्या चमूने नोंदवले.

४/ एप्रिल २०१० मध्ये त्यांनी अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्रिप यांच्यासह निबंध प्रसिद्ध केला. यंत्र एका अज्ञात व्यक्तीने दिले होते. निकालाचा फलक बदलून किंवा मेमरी चिपला छोटे उपकरण जोडून मते फिरवता येतात, हे त्यांनी दाखवले. आयोगाचे उत्तर होते की सील आणि पहारा असताना हे अशक्य आहे.

५/ २१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक केली. आरोप कॉपीराइटचा नव्हता, यंत्राच्या चोरीचा होता. आठवडाभराने जामीन मिळाला.

६/ कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने सवलती आल्या. प्रोग्रॅमचे कार्य निरखून त्यामागील तत्त्वे शोधता येतात. दुसऱ्या प्रोग्रॅमशी मेळ घालण्यासाठी आवश्यक माहितीही मिळवता येते. मात्र मेळ घालण्यासाठीची ही मुभा कायदेशीर ताबा असणाऱ्यालाच आहे.

७/ पेच इथेच आहे. मतदान यंत्राचा कायदेशीर ताबा केवळ शासनाकडे असतो. त्यामुळे स्वतंत्र अभ्यासकाला परवानगी तरी मिळवावी लागते, नाहीतर संशयास्पद मार्गाने आलेले यंत्र स्वीकारावे लागते. चोरीचे समर्थन करता येत नाही. पण वैध वाट बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेलाही जबाबदारीतून सुटता येत नाही.

८/ उगम अज्ञात असलेले दफ्तर हाती आले, तर इतिहासाच्या अभ्यासकापुढेही हाच पेच येतो. तुम्ही ते वाचाल का? कारणासह लिहा.