आजार नवापूरचा, दाखला अख्ख्या देशाचा

मंडळी, द्राक्षवाल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. निर्यातीच्या बागेची नोंदणी प्लॉटवार असते. रेसिड्यूच्या तपासणीत एखादा नमुना फेल गेला तर तो प्लॉट अडकतो, अख्खा निफाड तालुका अडकत नाही. पण कोंबडीच्या धंद्यात कित्येक वर्षं नेमकं उलटं चाललं होतं. त्याची ही गोष्ट.

18 फेब्रुवारी 2006. नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं जाहीर झालं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले होते. देशातली ही पहिलीच नोंद. लाखो पक्षी मारून पुरले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही रोग सापडला. आपल्याकडे लोकांनी चिकन-अंडी खाणंच सोडलं, भाव मातीमोल झाले. निफाड ते नवापूर, मध्ये मालेगाव आहे, साक्री आहे. आपल्या शेडमधली कोंबडी ठणठणीत. पण भीतीला अंतर कळत नाही.

भीती काही महिन्यांत गेली. कागदाचं दुखणं मात्र लांबलं. अंडी, अंड्याची पावडर, पिल्लं बाहेर पाठवायची तर सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचा आरोग्य दाखला लागतो. त्यातला मजकूर घेणारा देश ठरवतो. ‘हा देश बर्ड फ्लूमुक्त आहे’ असं वाक्य त्यात असलं की संपलं. नवापूरला रोग असताना त्याखाली सही करणार कोण? आखाती देशांसह अनेकांनी भारताचा माल थांबवला. नामक्कलची अंडीही त्यात आली. कुठे तामिळनाडू, कुठे नंदुरबार!

खरं तर जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या करारातच लिहिलंय की रोग असलेला आणि नसलेला भाग वेगळा धरावा. पण गंमत बघा, तो नियम आपणही पाळत नव्हतो. अमेरिकेत कुठेही बर्ड फ्लू निघाला, अगदी सौम्य प्रकारचा असला तरी, आपण त्यांच्या सगळ्याच कोंबडीला बंदी घालायचो. अमेरिका 2012 मध्ये तक्रार घेऊन गेली. जून 2015 मध्ये अपिलातही भारत हरला. ‘अमेरिकन तंगड्या येणार’ म्हणून पोल्ट्रीवाले धास्तावले, ती धास्ती खोटी नव्हती. पण माझ्या मते त्या निकालातलं तत्त्व आपल्याच कामाचं होतं. नवापूरसाठी नामक्कलला शिक्षा नको, हेच तर आपल्याला जगाकडून हवं होतं.

ते मिळालं, पण वेगळ्या वाटेनं. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरला पुन्हा रोग आला, पुन्हा लाखो पक्षी गेले. मग ऑक्टोबर 2023 मध्ये पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेनं भारताचं एक स्वयंघोषणापत्र मान्य केलं. महाराष्ट्र, तामिळनाडू, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतली 26 पोल्ट्री ‘कंपार्टमेंट’ रोगमुक्त मानली गेली. कंपार्टमेंट म्हणजे जिल्हा किंवा तालुका नव्हे. एकाच व्यवस्थापनाखालची फार्म, तिथे येणारी माणसं, गाड्या, खाद्य, पाणी यांवर कडक बंधन, ठरल्या वेळी नमुने आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. शेजारच्या गावात रोग आला तरी यांचा दाखला शाबूत राहू शकतो.

आता आपल्या तालुक्याकडे या. इथला बहुतेक पोल्ट्रीवाला करारावर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, राबणं शेतकऱ्याचं. खाद्याची गाडी एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाते, माल उचलणारी पोरंही तीच. अशा शेडचं कंपार्टमेंट व्हायचं तर कुंपण, गाडी धुवायची सोय, अंघोळ करून कपडे बदलायची खोली, रजिस्टर हे सगळं आलं. त्याचा खर्च कुणी करायचा, कंपनीनं की शेडवाल्यानं? पुढच्या बॅचचा करार करताना किलोमागच्या दराबरोबर हेही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.